मागील पानावरून पुढे

तिसऱ्या मिशनमध्ये खराक जळतं. ‘होमवर्ल्ड’ खेळलेल्या कुणालाही एवढं सांगितलं तरी पुरतं, तो क्षणभर गप्प होतो. ज्या ग्रहाच्या कक्षेतून आपण नुकतेच निघालो, जिथल्या लोकांनी साठ वर्षं खपून आपली अवाढव्य मदरशिप बांधली, तो ग्रह आता खाली लालभडक पेटलेला आहे. जहाज जिच्या सांगाड्यात उभं होतं ती कक्षेतली गोदी मोडून पडली आहे. मागे सॅम्युएल बार्बरच्या ‘अडाजिओ फॉर स्ट्रिंग्ज’चं गायकवृंदाने गायलेलं रूप चालू आहे. मदरशिपच्या यंत्रणेशी स्वतःचा मेंदू जोडून घेतलेली शास्त्रज्ञ कॅरन स्जेट आपल्या सपाट, शांत आवाजात सांगते की खाली कुणीही उरलेलं नाही.

पण कक्षेत अजून काही उरलं आहे. पुढच्या प्रवासासाठी शीतनिद्रेत ठेवलेली सहा लाख माणसं सहा मोठ्या ट्रेंमध्ये तरंगताहेत आणि शत्रूच्या फ्रिगेट त्यांच्यावर मारा करताहेत. आता काम खेळाडूचं आहे. सिनेमात असं दृश्य आलं की आपण खुर्चीत बसून हळहळतो. इथे माउस आपल्या हातात असतो. लढाऊ विमानं कुठे पाठवायची, ओढून आणणाऱ्या ठेंगण्या सॅल्व्हेज कॉर्व्हेट आधी कोणत्या ट्रेकडे धाडायच्या, शत्रूची एक फ्रिगेट चौकशीसाठी जिवंत पकडायची ती कधी, हे सगळं तेव्हाच ठरवायचं असतं. एकेक ट्रे ढकलत, ओढत मदरशिपपाशी आणेपर्यंत ते संगीत चालूच राहतं. मी हा भाग पहिल्यांदा वसतिगृहात खेळलो, मित्राच्या संगणकावर, रात्री दोनला. सगळे ट्रे आत आल्यावरही आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नव्हतो.

अवकाशातल्या लढायांचे गेम तोवर बरेच झाले होते आणि पुढेही झाले. या मालिकेबद्दल पंचवीस वर्षांनीही आस्थेने बोललं जातं, त्याला माझ्या मते एकच मोठं कारण आहे. इथे गोष्ट आणि अवघडपणा ही दोन वेगळी खाती नाहीत. खेळाडूला जे जड जातं तेच गोष्टीत घडत असतं. आणि मालिकेत ही दोन खाती ज्या ज्या वेळी वेगळी झाली, त्या त्या वेळी काहीतरी सुटलं.

‘होमवर्ल्ड’ १९९९ मध्ये आला. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या रेलिक एंटरटेनमेंट या नव्या कंपनीचा हा पहिलाच गेम, प्रकाशक सिएरा. कंपनीचा म्होरक्या अ‍ॅलेक्स गार्डन तेव्हा विशीतच होता. त्या वर्षांत स्ट्रॅटेजी गेम म्हटलं की ‘एज ऑफ एम्पायर्स’ नाहीतर ‘स्टारक्राफ्ट’ डोळ्यांसमोर यायचा. वरून दिसणारा सपाट नकाशा, त्यावर कामकरी, सोन्याची खाण, सैन्य. रेलिकने ती जमीनच काढून टाकली. अवकाशात वर-खाली असं काही नसतं, तेव्हा जहाजं कोणत्याही दिशेने येऊ शकतात. मग आज्ञा द्यायची कशी? ‘एम’ दाबलं की जहाजाभोवती एक सपाट चकती उमटते, तिच्यावर जागा ठरवायची. मग ‘शिफ्ट’ दाबून माउस वर किंवा खाली न्यायचा की उंची ठरते. दोन हालचालींत तिन्ही मिती. पहिला तासभर डोकं गरगरतं. मग अचानक जमून जातं, आणि त्यानंतर सपाट नकाशे कोंडल्यासारखे वाटू लागतात.

गोष्ट अशी. खराक हा वाळवंटी ग्रह. तिथल्या कुशान लोकांना वाळूखाली गाडलेलं एक प्राचीन जहाज सापडतं, खार-तोबा. त्यात एक दगड असतो, त्याच्यावर आकाशगंगेचा नकाशा कोरलेला आणि एकच शब्द, हिगारा. अर्थ ‘आपलं घर’. म्हणजे आपण इथले नव्हेतच. मग सगळी कुळं भांडणं विसरून मदरशिप बांधतात. तिची अवकाशातली पहिली लांब उडी चाचणीपुरती असते. ती परतते तोवर ग्रह जाळलेला असतो, कारण चार हजार वर्षांपूर्वीच्या एका तहानुसार या लोकांना असं उड्डाण करायलाच मनाई होती आणि तो तह त्यांच्या स्वतःच्याही स्मरणात उरलेला नव्हता. तिथून सोळाव्या मिशनपर्यंतची वाट, शत्रूच्या म्हणजे ताइदान साम्राज्याच्या मुलखातून थेट हिगारापर्यंत.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक स्ट्रॅटेजी गेममध्ये प्रत्येक मिशन बुद्धिबळाच्या नव्या डावासारखं असतं. मागच्या डावात वजीर गेला तरी पुढच्या डावात तो पुन्हा आपल्या घरात उभा. ‘होमवर्ल्ड’मध्ये तसं नाही. चौथ्या मिशनमध्ये गमावलेली फ्रिगेट पाचव्यातही नसते आणि सोळाव्यातही नसते. वेचून आणलेली साधनसंपत्ती, वाचलेली जहाजं, लागलेले शोध, सगळं पुढे जातं. जुन्या खतावणीत नवं पान सुरू करताना वरती ‘मागील पानावरून पुढे’ लिहून शिल्लक उतरवतात. हा गेम तसा चालतो. आणि ही शिल्लक म्हणजे परागंदा झालेल्या लोकांचं उरलंसुरलं घरदार. त्यामुळे हिशेबाची सवय आणि गोष्टीतली काळजी एकमेकांत मिसळून जातात. मिशन जिंकल्यावरही खेळाडू लगेच उडी मारत नसे. गोळा करणारी जहाजं शेवटच्या धूळढगापर्यंत जाऊन सगळं वेचून आणेपर्यंत तो थांबायचा. कंटाळवाणं होतं खरं, पण निर्वासितांच्या तांड्याचा मुक्काम असाच उठतो, काही मागे न ठेवता.

याची गंमत दोन लागोपाठच्या मिशनांत पाहावी. नवव्या मिशनमध्ये एक भुताटकीचं जहाज आहे. जवळ जाणारं कोणतंही मोठं जहाज ते आपल्या ताब्यात घेतं आणि तुमच्यावरच उलटवतं. लहान लढाऊ विमानं आणि कॉर्व्हेट मात्र त्याला पकडता येत नाहीत. म्हणजे ज्याने आतापर्यंत सगळा पैसा फ्रिगेटींवर आणि मोठ्या जहाजांवर घातला, तो इथे लंगडा पडतो. हे शिकून तुम्ही लहान विमानांचे थवे बांधता, तर दहाव्या मिशनमध्ये सुपरनोव्हाजवळचं संशोधन केंद्र. तिथला किरणोत्सर्ग लहान विमानांना उघड्यावर जाळून टाकतो, धुळीच्या ढगांच्या आडोशाला राहिली तर टिकतात. कालचं शहाणपण आज निरुपयोगी. ज्याने एकाच प्रकारावर भिस्त ठेवली त्याला पुढचं पान भारी पडतं. सर्व प्रकारची थोडी थोडी जहाजं राखणं, कुणालाही टाकून न देणं हे इथे डावपेच म्हणूनही बरोबर आहे आणि लोक वाचवायला निघालेल्या सेनापतीचं वागणं म्हणूनही.

सातव्या-आठव्या मिशनमधलं कादेश हे मला सगळ्यात जास्त आवडतं. तेजोमेघाच्या आत लपलेली एक धर्मवेडी जमात. त्यांची सुईसारखी लांब मदरशिप तुमची उडी रोखून धरते आणि चिलटांसारखी असंख्य विमानं अंगावर सोडते. ही विमानं भलतीच वेगवान, पण त्यांच्यात इंधन थोडं. ती पुन्हा पुन्हा इंधनाच्या कुप्यांकडे परततात. खेळाडू आधी विमानांमागे धावतो आणि मार खातो. मग केव्हातरी लक्षात येतं की कुप्या फोडल्या तर थवा आपोआप हतबल होतो. त्यानंतरच्या मिशनमध्ये तेजोमेघाच्या गाभ्यात एक भग्न जहाज दिसतं, आणि ते खार-तोबासारखंच आहे, वाळवंटात सापडलं होतं तसंच. हे लोक आपलेच. त्याच हद्दपारीच्या वाटेवर इथे थांबलेले, भीतीने इथेच धर्म रचून बसलेले. तोवर आपण त्यांची शेकडो विमानं पाडलेली असतात, आणि पुढे जायचं तर आणखी पाडावी लागणार असतात.

कादेशमध्येच त्यांच्या अनेक नळ्यांच्या फ्रिगेट पकडता येतात. ओढून आणलेलं जहाज आपलं होतं. ते बांधायचा खर्च नाही, आणि शिल्लक पुढे जात असल्याने शेवटपर्यंत साथ. चौदाव्या मिशनमध्ये शत्रूच्या एका केंद्राभोवती आयन तोफा असलेल्या फ्रिगेटींचा गोलाकार पहारा आहे. शंभराच्या वर जहाजं. सरळ लढलात तर चुरा. पण बरेच खेळाडू तिथे काय करत? सॅल्व्हेज कॉर्व्हेटची रांग लावायची आणि त्या पहाऱ्यातून एकेक फ्रिगेट उचलून आणायची. तासन् तास. शेवटी आरमारात आपण बांधलेल्यांपेक्षा पळवलेलीच जहाजं जास्त. कुणी म्हणेल हा खेळ मोडणं झालं. मला ते कथेच्या अगदी जवळचं वाटतं. ज्यांच्याकडे काही उरलं नाही त्यांनी शत्रूची साधनं ओढून आणून त्यांच्याच जोरावर घर गाठणं, ही निर्वासितांच्या युद्धाची खरी रीत.

पण या पद्धतीत एक खोट आहे, आणि गेम बनवणाऱ्यांना ती पहिल्या भागातच दिसली असणार. पैशाकडे पैसा जातो. ज्याने पहिली मिशनं चांगली खेळली त्याच्याकडे पुढच्यासाठी मोठं आरमार, त्यामुळे पुढचं मिशन सोपं, त्यामुळे आणखी मोठं आरमार. ज्याने सुरुवातीला चुका केल्या त्याचं प्रत्येक पान आधीच्यापेक्षा तुटीत सुरू होतं, आणि कुठेतरी दहाव्या-अकराव्या मिशनला त्याला कळतं की आता जिंकता येणंच शक्य नाही. चूक पाच मिशनांपूर्वीची, शिक्षा आज. मी स्वतः एकदा कादेशमधून इतका रिकामा बाहेर पडलो की मागचं सेव्ह उघडून पुन्हा चौथ्या मिशनपासून सुरुवात करावी लागली. त्या वेळी मला राग आला होता. आता वाटतं, चौथ्यापासून पुन्हा खेळताना मी प्रत्येक फ्रिगेट जशी जपली तसं त्याआधी कोणत्याच गेममध्ये काही जपलं नव्हतं.

ही अडचण या एकाच मालिकेची नाही. १९९४ च्या ‘यूएफओ: एनिमी अननोन’मध्ये मुरलेला सैनिक मेला की गेला. जपानी ‘फायर एम्ब्लेम’ मालिका १९९० पासून तेच करत आली आहे. उलटा उपाय ‘मारियो कार्ट’सारख्या गाड्यांच्या गेममध्ये दिसतो. तिथे मागे पडलेल्याला जोरकस शस्त्रं मिळतात, म्हणजे शर्यत शेवटपर्यंत चुरशीची राहते. चुरस राहते खरी, पण पहिल्या फेरीत दाखवलेल्या कौशल्याची किंमत कमी होते.

रेलिकने २००३ मध्ये ‘होमवर्ल्ड २’ काढला, तेव्हा त्यांनी हा दुसरा रस्ता धरला. जत्रेतल्या कुस्त्यांत पंच मल्लाच्या ताकदीच्या तोलाचा जोड शोधून देतात, तसं या गेमने केलं. तुम्ही पुढच्या मिशनमध्ये जेवढं आरमार घेऊन शिरता, त्याच्या तोडीस तोड शत्रू समोर उभा राहतो. लहान आरमार आणलं तर शत्रू थोडा, मोठं आणलं तर शत्रूही मोठा. कागदावर हे न्याय्य दिसतं. कुणी कायमचा मागे पडत नाही, कुणाला शेवटचं मिशन पोरखेळ वाटत नाही. मिशन संपलं की उरलेली साधनसंपत्ती आपोआप जमा होते आणि बहुतेक वेळा उडीही लगेच होते, धूळढग वेचत बसायला नको.

आणि तरीही बिघडलं. खेळाडूंच्या लवकरच लक्षात आलं की जहाजं जपण्यात अर्थ उरलेला नाही. जितकी जपाल तितका शत्रू वाढतो. मग मिशनच्या शेवटी स्वतःचंच आरमार मोडीत काढून त्याची किंमत वसूल करायची, रिकाम्या हाताने उडी मारायची आणि पलीकडे पोहोचल्यावर पैसे ओतून नवं आरमार उभारायचं, अशी युक्ती खेळणाऱ्यांत पसरली. आकडेमोडीच्या दृष्टीने ती शहाणपणाची होती. पण गोष्टीच्या दृष्टीने ती घातक. मघाचपर्यंत ज्या फ्रिगेटीवरच्या माणसांसाठी जीव टांगणीला लागला होता, तिलाच भंगारात काढायचं, आणि तेही जिंकल्यानंतर. कथेत वेगर नावाच्या भटक्या टोळ्यांचा सरदार माकान आपल्या लोकांवर चालून येतोय, ग्रहांमागून ग्रह पाडतोय. त्याच्या सैन्याचा आकडा माझ्या जहाजांवरून का ठरावा? त्याला माझी खतावणी कुणी दाखवली? पहिल्या भागातली चौदाव्या मिशनची ती शंभराहून अधिक फ्रिगेटींची भिंत माझ्याकडे दोन जहाजं असती तरी तितकीच असती. म्हणून ती खरी वाटायची.

‘होमवर्ल्ड २’ अवघड आहे, काही मिशनांत पहिल्या भागाहून किती तरी अवघड. ‘जहाजं सतत येत राहतात आणि श्वास घ्यायला वेळ मिळत नाही’ ही तक्रार मी त्या काळात खूप ऐकली. पण माझी तक्रार ती नाही. अवघडपणा आधीपासून रचून ठेवलेला असला की तो पार करणं ही कमाई असते. तुमच्याकडे बघून बेतलेला अवघडपणा कितीही कडक असला तरी त्याच्यावर मात केल्याचं समाधान अर्धंच.

याचा पुढचा अंक २०१५ मध्ये घडला. तोपर्यंत मालिकेची मालकी सिएराकडून टीएचक्यूकडे गेली होती, आणि टीएचक्यू दिवाळखोरीत निघाल्यावर २०१३ च्या लिलावात गिअरबॉक्सने ती साडेतेरा लाख डॉलरला घेतली. गिअरबॉक्सने दोन्ही भाग नव्या चित्रांसह पुन्हा काढले. दिसायला देखणे, यात वाद नाही. पण पहिला भाग त्यांनी दुसऱ्याच्या इंजिनवर बसवला, आणि त्याबरोबर दुसऱ्या भागाची जोड लावण्याची पद्धतही त्यात उतरली. विमानांना इंधन लागेना. व्यूहरचना पहिल्यासारख्या वागेनात. गोळी ज्या प्रकारे हवेत, म्हणजे पोकळीत, जाऊन लागायची किंवा चुकायची, तो हिशेबही बदलला. जुन्या खेळाडूंनी हे सगळं नेमकेपणाने दाखवून दिलं, आणि २०१६ च्या मोठ्या दुरुस्तीत व्यूह आणि गोळ्यांचं गणित बरंचसं पूर्ववत झालं. त्याच संचात मूळ १९९९ चा गेमही जसाच्या तसा दिला होता, ही चांगली गोष्ट. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी अजूनही तो जुनाच आधी खेळायला सांगतो.

आता गोष्टीच्या सलगतेकडे येऊ, कारण तिथेही खतावणीची काही पानं गहाळ आहेत. पहिल्या भागानंतर वर्षभरात, २००० मध्ये ‘होमवर्ल्ड: कॅटॅक्लिझम’ आला. तो रेलिकने नव्हे तर व्हँकुव्हरच्याच बार्किंग डॉग स्टुडिओजने बनवला. हिगाराला परतून पंधरा वर्षं झाली आहेत. सोमताव नावाच्या एका छोट्या, गरीब कुळाचं खाणकाम करणारं जहाज कून-लान भटकत असतं आणि त्याला एक अनोळखी, प्राचीन वस्तू सापडते. तिच्यातून बाहेर पडतो बीस्ट, सजीव आणि यंत्र एकत्र गिळणारा संसर्ग. इथे अवघडपणा आणि गोष्ट पुन्हा एकजीव झाली आहेत. बीस्टची किरणं लागली की तुमचं जहाज त्याचं होतं, आतल्या माणसांसकट. आतापर्यंत ‘मागील पानावरून पुढे’ आलेली तुमची शिल्लकच शत्रूच्या खात्यात जाऊ शकते. त्यामुळे मोठं जहाज पुढे पाठवताना हात थरथरतो. दुसरीकडे कून-लान स्वतः मिशनागणिक वाढत जातं, एकेक भाग जोडत खाणजहाजाची युद्धनौका बनते. साध्या मजुरांचं कुळ शेवटी सगळ्यांना वाचवतं. माझ्या मते ही या मालिकेतली दुसऱ्या क्रमांकाची गोष्ट आहे, काही बाबतींत पहिलीही.

पण ‘होमवर्ल्ड २’ च्या मोहिमेत बीस्टचा उल्लेख नाही. सोमतावच्या पराक्रमाचाही नाही. शंभरहून जास्त वर्षं उलटली म्हणावं, तर कॅरन मात्र तीच, पुन्हा नव्या मदरशिपमध्ये. ‘कॅटॅक्लिझम’ला नव्या रूपात आणण्याची गिअरबॉक्सची इच्छा होती, पण त्याचा सोर्स कोडच सापडला नाही. गंमत अशी की पहिल्या भागाचा सोर्स कोड रेलिकने २००३ मध्येच चाहत्यांसाठी खुला केला होता आणि लोकांनी तो नव्या संगणकांवर चालता ठेवला आहे. एका भावंडाची कागदपत्रं घरोघरी, दुसऱ्याची हरवलेली. २०१७ मध्ये ‘कॅटॅक्लिझम’ पुन्हा विक्रीला आला तेव्हा ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे नावही बदललं होतं, ‘होमवर्ल्ड: इमर्जन्स’.

‘होमवर्ल्ड २’ मागचं विसरला तसं त्याने मागचं नव्याने लिहिलंही. खार-तोबात सापडलेलं उडीचं यंत्र आता केवळ यंत्र राहिलं नाही. ते एका लुप्त संस्कृतीने घडवलेल्या तीन गाभ्यांपैकी दुसरं निघालं. पहिला गाभा बेंटुसी व्यापाऱ्यांकडे, तिसरा माकानकडे, आणि तिन्ही जुळले की साजूक नावाच्या महाप्राचीन जहाजाचा ताबा. गोष्ट भव्य झाली यात शंका नाही. पण माझ्या मनात एक हुरहूर राहिली. पहिल्या भागात कुशान लोक सामान्य होते. त्यांनी वाळूतून एक यंत्र काढलं, ते समजून घेतलं आणि साठ वर्षं खपले. त्यांच्या कष्टाची ती गोष्ट होती. दुसऱ्या भागात ते निवडलेले ठरले. निवडलेल्याची गोष्ट सांगणं सोपं असतं, कष्टकऱ्याची सांगणं अवघड.

मागे जाऊन लिहिण्याचं काम नीट कसं करावं, हे २०१६ च्या ‘डेझर्ट्स ऑफ खराक’ने दाखवलं. व्हँकुव्हरच्याच ब्लॅकबर्ड इंटरॅक्टिव्हने, म्हणजे रेलिकमधून बाहेर पडलेल्या काही जुन्याच माणसांनी, तो बनवला. सुरुवातीला हा वेगळाच, ‘हार्डवेअर’ नावाचा स्वतंत्र गेम होता, नंतर तो मालिकेत घेतला गेला. अवकाश नाही, सगळं वाळवंटात. मदरशिपच्या जागी वाळूवर चालणारं प्रचंड वाहन, कपीसी. रेचल स्जेट खार-तोबाच्या शोधात निघते आणि तिला अडवतात गालसियन. या कुळाचा धर्म सांगतो की आकाशाकडे पाहू नका, देवांनी आपल्याला इथे शिक्षेसाठी पाठवलंय, वर गेलात तर जळाल. खेळताना ते वेडे, क्रूर शत्रू आहेत. पण ज्याने १९९९ चा गेम खेळलाय त्याला ठाऊक आहे की गालसियन बरोबर होते. अगदी शब्दशः. उडी मारली आणि खराक जळलं. शेवटच्या मिशनमध्ये रेचलला जिंकवताना आपण तिसऱ्या मिशनमधली ती आग स्वतःच्या हाताने पेटवत असतो. सतरा वर्षांपूर्वीच्या मिशनचं दुःख नव्या गेमने एकही नवी घटना न घडवता दुप्पट केलं. यात नव्या महाशक्ती नाहीत, नवे देव नाहीत. पहिल्या भागाच्या पुस्तिकेत दिलेली कुळांची नावं आणि त्यांची जुनी वैरं घेऊनच हे उभं केलं. आणि अवघडपणासुद्धा जमिनीतून येतो. वाळूच्या टेकडीवर उभं राहाल तर लांबचं दिसतं, खाली राहाल तर आंधळे. त्रिमिती गेली, पण उंचीची किंमत राहिली.

‘होमवर्ल्ड ३’ हाही ब्लॅकबर्डचाच, मे २०२४ मध्ये आला. प्राचीन संस्कृतीचे महाकाय अवशेष, त्यांच्या बोगद्यांतून विमानं घुसवायची. लढाईच्या कल्पनेत जीव होता. गोष्टीवर मात्र जगभरच्या खेळाडूंनी नाराजी दाखवली आणि मला ती पटते. कॅरन नाहीशी झाली आहे, इमोजेन स्जेट तिच्या जागी आहे, आणि एक खलनायिका वारंवार समोर येऊन बोलते. चेहरे, संवाद, डोळ्यांतलं पाणी, सगळं आहे. पहिल्या भागात मिशनांमध्ये काय होतं? काळ्या-पांढऱ्या रेषांची चित्रं आणि एक आवाज. कॅरनचा चेहरा आपल्याला जवळजवळ दिसतच नाही. ती जहाजच आहे. त्यामुळे जहाजाला तडा गेला की तिलाच लागल्यासारखं वाटायचं, आणि तिला किती लागलं हे मिशनमधल्या आपल्या चुकांनी ठरायचं. तिसऱ्या भागात इमोजेनला काय वाटतं ते सांगितलं जातं, आणि मधल्या मिशनमध्ये मी काय केलं याचा त्याच्याशी फारसा संबंध राहत नाही. पुन्हा दोन खाती.

पहिल्या भागाचं शेवटचं मिशन मी कित्येक वेळा खेळलो आहे. हिगाराच्या कक्षेत ताइदान सम्राट स्वतः उतरतो आणि कॅरनला जखमी करून बेशुद्ध पाडतो. त्या क्षणापासून मदरशिपचा आवाज गप्प, आणि आरमाराची सगळी मदार आतापर्यंत ओढत आणलेल्या शिलकेवर. एका खेळीत माझ्याकडे पहिल्या मिशनमध्ये बांधलेलं एक स्काउट विमान शेवटपर्यंत राहिलं होतं. अगदी चिमुकलं, शस्त्र नावालाच. सुपरनोव्हाच्या वेळी ते मदरशिपच्या पोटात होतं, कादेशला ते चिलटांतून निसटलं होतं, बाकी मिशनांत मी त्याला फक्त टेहळणीला पाठवायचो. आजूबाजूला ताइदानी फ्रिगेट होत्या, कादेशच्या अनेक नळ्यांच्या फ्रिगेट होत्या, सगळ्या ओढून आणलेल्या. खराकपाशी बांधलेलं ते एकच. सम्राटाचं जहाज फुटलं, मागे निळा-पांढरा ग्रह दिसायला लागला, आणि मी स्काउटवर क्लिक करून कॅमेरा त्याच्यामागे नेला. ते हिगाराकडे तोंड करून उभं होतं.